पाच आठवडे आजीकडे, कोकणात: परदेशातून लहान मुलांना घेऊन येताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही न्यू जर्सीत राहता. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात सव्वाचार वर्षांचा मुलगा आणि तोवर आठ महिन्यांची होणारी मुलगी यांना घेऊन गुहागर तालुक्यातल्या सासरी पाच आठवडे राहायला येणार आहात. नवरा पहिले दोन आठवडे असेल, पुढे तुम्ही एकट्या. तिथल्या डॉक्टरांनी लसींची आणि मलेरियाच्या गोळ्यांची लांबलचक यादी दिली. इकडे सासूबाई फोनवर म्हणाल्या, "अगो, आपल्या घरी येताय ना, मग कसली औषधं? तुझा नवरा याच विहिरीचं पाणी पिऊन मोठा झाला." दोघांपैकी कोणाचं ऐकू, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी, बाळाला आंबा चालेल का?

मी चिपळूणला पंचवीस वर्षं लहान मुलांची डॉक्टर आहे. मे आणि डिसेंबर या दोन महिन्यांत माझ्याकडे अमेरिका, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, दुबईहून आजोळी आलेली मुलं येतात. त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी समोर बसलेल्या आयांकडून ऐकते. फरक इतकाच की बहुतेक जणी मूल आजारी पडल्यावर विचारतात. तुम्ही सात आठवडे आधी विचारताय, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे.

तुमची खरी अडचण लसींची नाही, असं मला वाटतं. तुम्ही घरी येताय ही आहे. परका माणूस कोकणात फिरायला येतो तेव्हा बाटलीचं पाणी पितो, चार दिवस राहतो आणि जातो. घरचा माणूस महिनाभर राहतो, घरातलं पाणी पितो, शेजारपाजारच्या दहा घरी जातो, प्रत्येक घरी काहीतरी तोंडात घालतो आणि मुलांना खळ्यात मोकळं सोडतो. प्रवासी आरोग्याच्या शास्त्रात नातेवाइकांकडे जाणाऱ्यांचा वेगळा गट मानतात, कारण टायफॉइड, मलेरिया, कावीळ यांचा धोका त्यांना हॉटेलात उतरणाऱ्या पर्यटकांपेक्षा जास्त असतो. अमेरिकेत टायफॉइडचे जे रुग्ण सापडतात त्यातले बहुसंख्य प्रवासातून परतलेले असतात आणि त्यात भारत, पाकिस्तान, बांगलादेशला नातेवाइकांकडे जाऊन आलेले फार मोठ्या संख्येने असतात. घरी जायचं म्हणून ते डॉक्टरांना विचारतच नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं मी खोटं ठरवणार नाही. तुमचा नवरा त्या विहिरीचं पाणी पिऊन वाढला, हे खरंच आहे. पण त्याच्या शरीराची ओळख लहानपणापासून हळूहळू होत गेली, आणि त्या काळात गावातली किती मुलं जुलाबांनी गेली हे आजींनाच विचारा, त्यांना नावानिशी आठवत असेल. ती ओळख रक्तातून मुलांकडे येत नाही. तुमची मुलं या बाबतीत न्यू जर्सीची आहेत. आणि तुम्ही दोघंही आता पूर्वीचे राहिलेले नाही. मलेरियाविरुद्ध अंगात जी थोडीफार ताकद तयार होते ती देश सोडल्यावर काही वर्षांत ओसरते. म्हणून आईवडिलांनीही आपली तयारी करावी. आई तापाने पडली तर मुलांकडे बघणार कोण?

आता लसी. तुमच्या तिथल्या डॉक्टरांची यादी मला योग्य वाटते, फक्त तिच्यामागचं कारण सांगते. गोवराची लस अमेरिकेत वर्ष पूर्ण झाल्यावर देतात. पण सहा ते अकरा महिन्यांचं बाळ परदेशी निघालं तर एमएमआरचा (गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या एकत्र लसीचा) एक जादा डोस आधी द्यावा, अशी तिथलीच शिफारस आहे. तो डोस मोजणीत धरत नाहीत, वर्षानंतरचे दोन डोस वेगळे द्यावे लागतात. त्यामुळे "आधी एक दिलाय" म्हणून पुढचा चुकवू नका. अ प्रकारच्या काविळीच्या लसीचंही असंच आहे, सहा महिन्यांनंतर एक जादा डोस देता येतो. मुलाचा एमएमआरचा दुसरा डोस आणि पोलिओचा चार वर्षांनंतरचा डोस राहिले असतील तर तेही आत्ताच उरका.

टायफॉइडच्या बाबतीत मात्र तिथे आणि इथे फरक आहे. अमेरिकेत मिळणारी टायफॉइडची सुई दोन वर्षांच्या आतल्या बाळांना चालत नाही. मुलाने आणि तुम्ही दोघांनी ती निघण्याच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी. तिचा असर दोन वर्षांपुरता असतो, म्हणजे मागच्या खेपेला घेतली असेल तर तारीख बघा. भारतात कॉन्ज्युगेट प्रकारची लस मिळते, ती सहा महिन्यांपासून चालते. मुलीला ती इथे आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच देऊन टाका. असर यायला दोन-तीन आठवडे जातात, म्हणून तोवर पाण्याची काळजी जास्तच घ्यायची. इथले बालरोगतज्ज्ञ ही लस रोज देतात, त्यासाठी मुंबईला थांबायची गरज नाही.

रेबीजच्या लसीबद्दल विचारलं नाहीत, तरी सांगते. गावात कुत्री मोकळी असतात, चार वर्षांचं मूल पिल्लू दिसलं की हात पुढे करतं, आणि ओरबाडलं तर घरी सांगत नाही. आधी घ्यायचे दोन डोस असतात, पहिल्या आणि आठव्या दिवशी. ते घेतले असतील तर पुढे चावल्यावर फक्त दोन डोस पुरतात आणि जखमेत भरायचं इम्युनोग्लोब्युलिन लागत नाही. तेच तर लहान गावात रात्री-बेरात्री मिळायची पंचाईत असते. अमेरिकेत ही लस फार महाग पडते, इथे त्या मानाने अगदी स्वस्त. तुमच्या मुलाच्या वयाचा माझा स्वतःचा नातू पाच आठवडे खेड्यात राहणार असता तर मी त्याला दिली असती. घ्या वा न घ्या, एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: कुत्रं, मांजर, माकड कोणीही चावलं किंवा नख लागलं तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. मग दवाखाना. हळद नाही, मिरची नाही, चुना नाही.

मलेरियाच्या गोळ्यांबाबत सल्ले जुळत नाहीत, म्हणून तुमचा गोंधळ झाला असणार. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी जवळपास सगळ्या भारतासाठी गोळ्या घ्यायला सांगते. ब्रिटनमधले सल्लागार भारताच्या बऱ्याचशा भागासाठी फक्त डास टाळा म्हणतात. तुमच्या बाबतीत मी तिथल्या डॉक्टरांवर सोडते, कारण बाळाचं वजन, इतर औषधं, आजार हे त्यांना माहीत आहे. मुक्कामाचे शेवटचे दिवस पावसात येतात, त्यामुळे त्यांनी गोळ्या दिल्या तर माझा विरोध नाही. पण सुरू केल्या तर पूर्ण करा. अर्ध्यावर, मूल थुंकतं म्हणून सोडून दिलेल्या गोळ्या मी खूप पाहिल्या आहेत. परतल्यावरही ठरलेले दिवस घ्यायच्या असतात. आणि गोळ्या आहेत म्हणून मच्छरदाणी सोडायची नाही, कारण डेंग्यूवर गोळी नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, घरातल्याच साठवलेल्या पाण्यात वाढतो. न्हाणीघरातला हौद, पिंपं, कुंड्यांखालच्या बशा आठवड्यातून एकदा रिकाम्या करून, घासून, कोरड्या करायच्या. हे काम नवऱ्याने पहिल्या दोन आठवड्यांत स्वतः सुरू करून द्यावं.

आता पाण्याकडे येते, कारण सगळ्यात जास्त मुलं माझ्याकडे त्यामुळे येतात. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात. उरलेलं पाणी गढूळ, आणि पहिला पाऊस पडला की वरचं सगळं वाहून आत. ग्रामपंचायत पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते, पण तुमच्या खासगी विहिरीत ती पडतेच असं नाही. घरात फिल्टर असेल तर त्याची शेवटची सर्व्हिसिंग कधी झाली ते विचारा, आणि वीज गेली की तो बंद पडतो हे लक्षात ठेवा. माझा भरवसा उकळण्यावर आहे. पाणी खळखळ उकळू लागलं की एक मिनिट तसंच उकळू द्यायचं, झाकून गार करायचं, त्याच भांड्यात ठेवायचं. गाळणं किंवा नुसतं कोमट करणं म्हणजे उकळणं नव्हे. पिण्यासाठी, बाळाच्या पावडरच्या दुधासाठी, दात घासायला, आणि हो, कोकम सरबताला आणि ताकाला सुद्धा हेच पाणी. लोक पाणी उकळून पितात आणि ताकात माठातलं ओततात. बर्फाचंही तेच. आठवडी बाजारातला उसाचा रस, गोळा, मठ्ठा या पाच आठवड्यांपुरता नको. तुम्ही मुलीला अंगावर पाजत असाल तर कोणी काही म्हणो, या प्रवासात तोडू नका. तिच्यासाठी त्याहून सुरक्षित दुसरं काही नाही.

दूध हा आमच्याकडे नाजूक विषय असतो. गोठ्यात गाय असेल तर आजोबांना नातवाला धारोष्ण दूध पाजायची फार हौस असते. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, क्षय होऊ शकतो, जुलाब तर होतातच. धार काढताना मुलाला जवळ उभं करा, गाय दाखवा, फेस बोटावर घेऊन हसू द्या, पण दूध चुलीवर उकळी आल्याशिवाय पेल्यात यायला नको. जेवणाची मात्र तुम्ही फार चिंता करताय असं तुमच्या प्रश्नावरून वाटलं. तव्यावरून उतरलेली गरम भाकरी, वाफेचा भात, उकळती आमटी, तळून लगेच वाढलेला मासा हे जगातलं सुरक्षित अन्न आहे. धोका दुपारचा रस्सा संध्याकाळी तसाच वाढण्यात असतो, सकाळी चिरून ठेवलेल्या फळांत असतो, आणि चटणीत असतो, कारण तिच्यात कच्चं पाणी पडतं.

मच्छरदाणी मी डासांसाठीच सांगत नाही. आमच्या भागात मण्यार रात्री घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेत चावते. तिच्या दंशाला कधी कधी खूणही दिसत नाही. गादीखाली नीट खोचलेली मच्छरदाणी डास, साप आणि विंचू या तिघांनाही बाहेर ठेवते. उन्हाळ्यात सगळे ओटीवर, पडवीत ओळीने अंथरुणं टाकून झोपतात, ते सुख मुलांनाही मिळू दे. फक्त मच्छरदाणी खोचलेली असावी, आणि रात्री उठल्यावर पाय खाली ठेवण्याआधी विजेरी लावायची.

विंचवाबद्दल सविस्तर सांगते, कारण अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या यादीत तो नसणार आणि इथे मे महिना त्याचाच. कोकणातला लाल विंचू चिऱ्यांच्या गडग्यात, लाकडांच्या राशीत, शेणींत, पातेऱ्यात असतो. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला परदेशातून आलेला पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला. दिवसभर पडवीत पडून राहिलेला बूट त्याने घाईत पायात घातला होता. मूल आधी किंचाळलं आणि मग गप्प झालं. माझ्या टेबलावर ठेवलं तेव्हा कपाळावरून घामाच्या धारा, उलट्या सुरू, आणि हात इतके गार की माझा हात त्याच्या तळव्याला लागला आणि मी दचकले. पाऊण तासाच्या आत ते आले होते, हे त्याचं नशीब. आधी विष उतरवायला कोणा मांत्रिकाकडे नेलं नाही, हे आजोबांचं शहाणपण. प्राझोसिनची गोळी दिली, रात्रभर हृदयाचे ठोके आणि रक्तदाब बघत बसलो, सकाळी त्याने पेज मागितली. या विंचवाच्या विषाने हृदयावर काय होतं आणि त्यावर प्राझोसिन कसं वाचवतं, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी आपल्या रुग्णांवर काम करून जगाला दाखवलं. त्याआधी आमच्या भागात विंचवाने मुलं दगावायची. आज औषध आहे, फक्त वेळेत पोहोचलं पाहिजे.

म्हणून तुमच्या मुलासाठी नियम असा: बूट-चप्पल घालण्याआधी उलटी करून आपटायची. त्याला हा खेळ म्हणून शिकवा, चार वर्षांची मुलं हे आनंदाने करतात आणि मग मोठ्यांनाही सांगतात. लाकडांच्या राशीत, गडग्याच्या फटीत हात घालायचा नाही. अनवाणी फक्त सारवलेल्या किंवा फरशीच्या घरात, उजेड असताना. दंश झालाच, विंचवाचा असो की सापाचा, तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, चोखायचं नाही. मूल शांत ठेवून, चावलेला हात-पाय न हलवता, थेट रुग्णालय. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, पण दारात गाडी उभी असेल तर वाट बघू नका. सर्पदंशाची लस सरकारी रुग्णालयात मिळते. गावी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी नवऱ्याने तुमच्या घरापासून जवळचं ग्रामीण रुग्णालय, कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय आणि डेरवणचं वालावलकर रुग्णालय, यांपैकी रात्री कुठे किती वेळात पोहोचता येतं हे स्वतः गाडी चालवून पाहावं. फोन नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लावा, कारण मोबाईलला रेंज नसते तेव्हा मोबाईलमधला नंबरही उपयोगाचा नसतो.

इतकं विंचू-सापाचं सांगितलं, पण प्रवासी मुलांच्या जिवाला सर्वांत मोठा धोका रस्त्यावर असतो, आणि त्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. न्यू जर्सीत तुम्ही मुलीला सीटमध्ये पट्टा लावल्याशिवाय गाडी सुरू करत नाही. इथे विमानतळावर उतरल्या उतरल्या ती आत्याच्या मांडीवर पुढच्या सीटवर असते. दोन्ही मुलांच्या कार सीट बरोबर आणा. विमान कंपन्या लहान मुलांच्या सीट सहसा वेगळे पैसे न घेता नेतात, तरी तिकीट काढलंत तिथे विचारून घ्या. घेणाऱ्या गाडीच्या मागच्या सीटला तीन बिंदूंचा पट्टा आहे ना, हे आधी फोटो मागवून बघा. पंधरा तासांचं विमान आणि त्यावर लगेच रात्रीचा मुंबई-गोवा महामार्ग, हे करू नका. घ्यायला आलेला माणूसही दिवसभराचा थकलेला असतो. मुंबईत किंवा पनवेलला एक रात्र काढा, पहाटे निघा. रेल्वेने चिपळूणपर्यंत येणं मला त्याहून बरं वाटतं.

स्कूटरवर आजोबांच्या पुढे उभं राहून जाणं हे नातवंडांचं स्वप्न असतं, मला कळतं. २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांना दुचाकीवर हेल्मेट आणि मोठ्या माणसाला बांधणारा पट्टा सक्तीचा आहे, वेगाची मर्यादा ताशी ४० किलोमीटर. तुमचा मुलगा वयाने त्यातून सुटला तरी हेल्मेट त्यालाही हवंच. त्याच्या मापाचं सायकलचं हेल्मेट तिकडून आणलंत तर निदान अंगणातून पाणंदीपर्यंतची फेरी मारता येईल. हमरस्त्यावर नको.

उकाड्याचं थोडक्यात. कोकणात पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवेत ओलावा असल्याने घाम वाळत नाही आणि मुलं चिडचिडी होतात. शरीराला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तोवर अकरा ते चार घरात, सुती झबलं, दिवसातून दोनदा साध्या पाण्याने अंघोळ. घामोळ्यांवर पावडरीचे थर नकोत, त्वचा कोरडी राहिली की जातात. वेळेचा फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा असतो, मुलं पहिले पाच-सहा दिवस रात्री एक वाजता टक्क जागी होऊन भूक लागली म्हणतील. त्यांना मऊ भात खाऊ घाला आणि मंद दिव्यात खेळू द्या. सकाळी मात्र उशिरापर्यंत झोपू न देता हळूहळू वेळ पुढे आणा. पहिले तीन दिवस घरी सत्यनारायण किंवा मोठी जेवणावळ ठेवू नका, ही विनंती सासूबाईंना आत्ताच करा. बाळाला बघायला गाव लोटतो आणि थकलेलं बाळ पन्नास मांड्यांवरून फिरतं. आणि घरात किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यांत कोणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर त्यांची थुंकी तपासून घ्या. अमेरिकेत क्षयाची बीसीजी लस देत नाहीत, तुमच्या मुलांना ती मिळालेली नसणार. हे आजोबांना लागेल असं बोलू नका, "तुमचीही तपासणी होऊन जाईल" म्हणा.

जुलाब झालेच तर ओआरएस. औषधाच्या दुकानात जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं, एक लिटर पाण्यात घालायचं पाकीट मागा. पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. अर्धं पाकीट अंदाजाने पेल्यात टाकलं की मिठाचं प्रमाण बिघडतं. फळांच्या चवीची खोक्यातली गोड पेयं ओआरएसच्या नावाखाली विकली जात होती, २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ते नाव वापरायला बंदी केली, तरी दुकानदार सवयीने पुढे करतो. मुलीला प्रत्येक जुलाबानंतर पन्नास ते शंभर मिलिलिटर, मुलाला शंभर ते दोनशे, चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून परत. बाळाने सहा-आठ तासांत लघवी केली नाही, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसलं किंवा ते मलूल पडलं, तर घरी थांबू नका.

तापाच्या औषधाची एक खबरदारी मी प्रत्येक परदेशी आईला सांगते. अमेरिकेतल्या पॅरासिटामॉलच्या सिरपमध्ये पाच मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम औषध असतं. इथे १२० चं, १२५ चं आणि २५० चंही असतं, आणि बाळाच्या थेंबांच्या बाटलीत तर एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. "तिकडे पाच देत होते" म्हणून इथे पाच दिलं की २५० च्या सिरपने औषध दीडपटीहून जास्त आणि थेंबांच्या बाटलीने तिपटीहून जास्त होतं. तिकडची बाटली आणि तिची सिरिंज बरोबर आणा, आणि वजनानुसार डोस त्यावर लिहून ठेवा. आयबुप्रोफेन मात्र इथे तापाला देऊ नका, डेंग्यू असला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. दुकानात मिळणाऱ्या तापाच्या कित्येक सिरपांत ते पॅरासिटामॉलबरोबर मिसळलेलं असतं, लेबल वाचा.

आता आजींची सहाण. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ यांचे वळसे घासून बाळगुटी देणं हे त्यांच्यासाठी प्रेम आहे, आणि मी त्यांना कधी तोडून बोलत नाही. पण गुटीत कच्चं पाणी जातं, सहाण धुतलेली नसते, जायफळाने बाळाला गुंगी येते, आणि वर मध घातला तर वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझमचा धोका असतो. काजळात आणि सुरम्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत वर्षाच्या आसपास बाळाचं रक्त शिशासाठी तपासतात, आणि तो आकडा वाढलेला निघाला की घरात किती धावपळ होते हे मी ऐकलं आहे. मी आजींना म्हणते, डोळ्यांत नको, दृष्ट लागू नये म्हणून तळपायाला तीट लावा. त्या ऐकतात. तेलाने मालीश करू द्या, ते उत्तमच आहे, नाका-कानात तेवढं तेल नको.

हे सगळं सासूबाईंना सांगायचं कसं? सून म्हणून तुम्ही सांगू नका. नवऱ्याने आपल्या आईला सांगावं, आणि निघण्याआधी सांगावं, पोहोचल्यावर पहिल्या जेवणाच्या पानावर नाही. माझा अनुभव असा की आजींना काम सोपवलं की विरोध मावळतो. उकळलेल्या पाण्याचं पातेलं त्यांच्या ताब्यात द्या: "आई, या पाण्याला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही." मग बघा, त्या शेजारणीलाही बोट बुडवू देणार नाहीत. आणि जिथे धोका नाही तिथे तुम्ही मागे सरका. मूल मातीत खेळलं, हाताने भात कालवून खाल्ला, दुपारी झोपायची वेळ चुकली, मावशीने एक लाडू जास्त दिला, यावर एक शब्द बोलू नका. पाणी, दूध, मच्छरदाणी, चप्पल, गाडीचा पट्टा आणि काजळ-गुटी, एवढ्यांवर मात्र हटू नका.

परतल्यावरची गोष्ट बहुतेक जण विसरतात. इथून गेलेल्या एका मुलीला तिकडे ताप आला. आईवडिलांनी डॉक्टरांना सांगितलं, कुठे गेलो नाही, घरीच होतो. त्यांच्या मनात आजोळ म्हणजे घरच. आठ दिवस विषाणूचा ताप समजून उपचार झाले, मग रक्ताच्या कल्चरमध्ये टायफॉइड निघाला. आजोबांनी मला फोनवर हे रडत सांगितलं. टायफॉइड उघड व्हायला महिनाही लागतो, मलेरियाचा एक प्रकार तर कित्येक महिन्यांनी डोकं वर काढतो. परतल्यानंतर वर्षभरात कोणालाही ताप आला तर दारातूनच सांगा, "आम्ही भारतात खेड्यात राहून आलो आहोत, मलेरियाची तपासणी करा." पहिल्या तीन महिन्यांत तर त्याच दिवशी जा.

तुमच्या तारखांबद्दल एक सूचना. साधारण ७ जूनच्या आगेमागे पाऊस कोकणात उतरतो, म्हणजे शेवटचा आठवडा पावसाचा धरून चाला. पहिल्या पावसात मुलाला भिजू द्या, पण शेतातल्या साचलेल्या पाण्यात पायाला जखम असताना नको, उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोच्या तापाची भीती असते. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक जूनमध्ये लागू होतं आणि घाटात दरड आली की रस्ता तासन्‌तास बंद. विमानाच्या दोन दिवस आधी मुंबईत पोहोचा, विशेषतः तुम्ही एकट्या दोन मुलांबरोबर असणार म्हणून.

आणि आंबा? द्या, जरूर द्या. आठ महिन्यांच्या बाळाला आंबा चालतो. मेच्या मध्याला हापूस संपत आलेला असेल, पण घरच्या झाडाचा पायरी, रायवळ मिळेल. उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा, देठाकडचा चीक काढून टाका, त्याच वेळी कापा, साल लावू नका, गर कुस्करून पहिल्या दिवशी दोन चमचे. साखर नाही, दूध नाही. तोंडाभोवती पुरळ आलं तर पुसून दोन दिवस थांबा, बहुतेक वेळा तो चिकाचा त्रास असतो. पहिला चमचा आजींनाच भरवू द्या, आधी हात साबणाने धुऊन.